आधी सांगून लावलेला फटाका

माझं माहेर कवठे एकंद, तासगाव तालुक्यातलं. दसऱ्याच्या रात्री सिद्धराज महाराजांची पालखी निघते आणि आतषबाजीने आभाळ पेटतं. शोभेच्या दारूच्या वासातच मी वाढले. आबांच्या खांद्यावर बसून औट, म्हणजे दारू ठासलेली लाकडी नळकांडी, उडताना बघायचे, भीती ठाऊकच नव्हती.

चार वर्षांपूर्वी पेठ नाक्याजवळ आमच्या गाडीचा टायर फुटला, गाडी दुभाजकावर आदळली. ह्यांचा पाय मोडला, मला नुसतं खरचटलं. नशीब, म्हणाले सगळे. मलाही तसंच वाटलं. मग दिवाळी आली. सांगलीच्या विश्रामबागेत आमच्या गल्लीत कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला आणि मी ओट्याखाली. हातात करंजीचं कातणं तसंच. खाली कधी बसले, आठवत नाही.

"एवढ्यातेवढ्याला काय दचकतेस?" हे तेव्हापासून फार ऐकलं. पण दचकायचं का नाही, हे माझ्या हातात नसतं. मेंदू अंगाला आधी सावध करतो, आवाज कसला ते मागाहून कळतं. तोवर छाती धडधडायला लागलेली असते. समुपदेशक बाईंनी हे समजावलं तेव्हा मी रडले. तोवर मला वाटायचं, मी नाटकी झालेय.

आता दचकले की चार मोजत श्वास घ्यायचा, सहा मोजत सोडायचा. अनवाणी पाय फरशीवर टेकवायचे, गारवा जाणवू द्यायचा. कानात बोळे फटाक्यांपुरतेच. मी दिवसभर घालून बघितले, तर साधा मिक्सरही बोचायला लागला.

पण खरा त्रास मोठ्या आवाजाचा नाही, अचानक होणाऱ्या आवाजाचा आहे. रात्री दहा ते सकाळी सहा फटाके वाजवायला सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्येच मनाई केली. ती पाळली गेली तर निदान झोपेत तरी घाबरून उठावं लागणार नाही. फटाके लावूच नका, असं कवठ्याची लेक कुठल्या तोंडाने म्हणेल? फक्त आधी सांगा.

समोरच्या मुलाला मी हे सरळ सांगितलं. गेल्या दिवाळीत त्याने बेल वाजवली. "काकू, तीन लावतोय." मी खिडकीशी उभी राहून मोजले. एक. दोन. तिसरा वाजेना, माझी मूठ सुटेना. तेवढ्यात त्याने खालून दोन्ही हात हलवले, "काकू, विझला तो! संपले!"

यंदा तीन वर्षांनी दसऱ्याला माहेरी गेले. दुपारी भावाने ठासून ठेवलेल्या लाकडी औटावरून हात फिरवला, आईच्या हातची पुरणपोळी खाल्ली आणि दिवेलागणीच्या आत सांगलीची एसटी धरली. रात्री भावाचा फोन आला, "ताई, पालखी निघाली. फोन चालू ठेवू का?"

"ठेव," म्हटलं, आणि आवाज अगदी बारीक केला.