ओपन सोर्सवर घर चालवायचं तर आधी कोटेशन लिहायला शिका

ओपन सोर्समधून, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या सॉफ्टवेअरमधून, कमाई म्हटलं की बहुतेक जण आधी गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर स्पॉन्सर्सचं, म्हणजे देणगीचं, बटण लावतात. जरूर लावा. वैयक्तिक खात्यावरून आलेल्या रकमेतून गिटहब काही कापत नाही. संस्थेच्या खात्यावरून आली तर ६ टक्क्यांपर्यंत कपात होते. पण हिशेब मांडून बघा. महिन्याला लाखभर रुपये हवेत, प्रत्येक जण ५ डॉलर देतो आणि डॉलर ८५ रुपयांचा धरला, तर न चुकता पैसे देणारी २३६ माणसं लागतात. इतकी माणसं फार थोड्या प्रकल्पांना मिळतात. २०१४ साली हार्टब्लीड हा सुरक्षेतला दोष ज्यात उघडकीला आला आणि वेबचा मोठा भाग ज्यावर उभा होता त्या ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरला तेव्हा वर्षाकाठी जेमतेम २,००० डॉलर देणगी मिळत होती.

यात कंपन्यांचा कंजूषपणा आहेच, पण तेवढंच नाही. तुमची लायब्ररी, म्हणजे तुम्ही लिहिलेला तयार कोड, वापरणाऱ्या इंजिनिअरला कितीही वाटलं तरी त्याच्या बजेटमध्ये 'देणगी' असा रकाना नसतो. खरेदी विभागाला कोटेशन लागतं, पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर) लागतो, इन्व्हॉइस लागतं, आणि पैशांच्या बदल्यात काय मिळालं ते एका ओळीत लिहिता यावं लागतं. ती ओळ तुम्हीच लिहून द्यायची असते.

एसक्यूलाइट या डेटाबेसकडे बघा. कोड पब्लिक डोमेनमध्ये आहे, परवानगीसुद्धा मागावी लागत नाही. तरीही त्यांच्याकडे ६,००० डॉलरला 'वॉरंटी ऑफ टायटल', म्हणजे कोडच्या हक्काची लेखी हमी, मिळते. कोड तोच, कंपनीच्या वकिलांना फाइलला लावायला सहीचा कागद हवा असतो, त्याचे हे पैसे. शिवाय एन्क्रिप्शनचं एक्स्टेन्शन आणि वार्षिक सपोर्ट वेगळा विकतात.

एकट्या डेव्हलपरला सुरुवातीला सपोर्टचा करारच सोयीचा. त्यात कुठल्या आवृत्त्या सांभाळणार ते लिहा: चालू आणि तिच्या आधीची मेजर (मोठी) आवृत्ती, बस्स. 'कामाच्या दिवशी २४ तासांत पहिलं उत्तर' इतकंच वचन द्या. '२४ तासांत दुरुस्ती' लिहिलंत तर पहिल्याच अवघड बगला करार मोडतो. तास ठरवा, उदाहरणार्थ महिन्याला ८, उरलेले पुढच्या महिन्यात जाणार नाहीत, आणि पैसे तिमाहीचे आगाऊ. नवीन फीचरचं कोटेशन वेगळं. सगळ्यात महत्त्वाचं कलम मालकीचं. कंपन्यांच्या छापील करारात 'कामातून तयार झालेलं सर्व काही ग्राहकाचं' असं वाक्य हमखास असतं. ते तसंच सही केलंत तर केलेली दुरुस्ती मूळ रेपोत, म्हणजे प्रकल्पाच्या खुल्या कोडमध्ये, टाकण्याचा हक्कच तुमच्याकडे राहत नाही. ते खोडून 'दुरुस्त्या प्रकल्पाच्याच लायसन्सखाली प्रसिद्ध होतील' असं घालून घ्या. बहुतेकदा कंपनीलाही हेच फायद्याचं पडतं, कारण वेगळी प्रत सांभाळायचा खर्च वाचतो.

दुहेरी लायसन्सचा मार्ग मायएसक्यूएल आणि क्यूटी या सॉफ्टवेअरनी रुळवला: एक लायसन्स जीपीएलसारखं, म्हणजे कोड पुढे वाटलात तर त्याचा सोर्सही खुला करा म्हणणारं, आणि ज्यांना त्याच्या अटी नकोत त्यांना व्यावसायिक. आज वेब सॉफ्टवेअरसाठी त्याचंच कडक रूप एजीपीएल जास्त चालतं, कारण बदललेला कोड नुसता सर्व्हरवर चालवला तरी त्याचा सोर्स वापरणाऱ्यांना द्यावा लागतो. मात्र असं विकायला सगळ्या कोडवर तुमचा हक्क हवा. बाहेरच्या माणसाने पाठवलेला पहिला बदल (पुल रिक्वेस्ट) घ्यायच्या आधी सीएलए, म्हणजे त्याच्या कोडचा हक्क तुम्हाला देणारा करार, लावा. 'हा कोड द्यायचा हक्क मला आहे' एवढंच सांगणाऱ्या डीसीओच्या नुसत्या 'साइन्ड-ऑफ-बाय' ओळीने दुसऱ्या लायसन्सखाली विकायची परवानगी मिळत नाही. पुढे जाऊन शंभर जणांच्या सह्या गोळा करणं जवळपास अशक्य. आणि उदार लायसन्सवर लोक जमवून नंतर दार लावलं तर ते निघून जातात: हॅशीकॉर्पने २०२३ मध्ये आपल्या टेराफॉर्म या सॉफ्टवेअरचं लायसन्स बदललं, तर जुन्या खुल्या कोडवरून ओपनटोफू हा वेगळा प्रकल्प उभा राहिला. २०२४ मध्ये रेडिसने लायसन्स बदलल्यावर तसाच व्हॅल्की.

काही भाग विकतचा ठेवायचा असेल तर रुबी भाषेतल्या साइडकिक या लायब्ररीचा शिरस्ता चांगला. मूळ गाभा एलजीपीएल या जीपीएलच्या सौम्य रूपाखाली, मोठ्या टीमना लागणाऱ्या सोयी प्रो आणि एंटरप्राइझ या विकतच्या आवृत्त्यांमध्ये. जे एकदा फुकट दिलं ते विकतच्या बाजूला सरकवू नका.

होस्टिंगमधून, म्हणजे सॉफ्टवेअर आपल्या सर्व्हरवर चालवून देण्यातून, स्थिर पैसा येतो. मुंबईची फ्रॅपे कंपनी जीपीएलखालचं ईआरपीनेक्स्ट हे व्यवसाय सांभाळायचं सॉफ्टवेअर अशाच तऱ्हेने फ्रॅपे क्लाउडवर चालवून देते. पण रात्री दोनला सर्व्हर पडला की उठायचं कोणी? माणसं हाताशी नसतील तर या वाटेला इतक्यात जाऊ नका.

अनुदानासाठी झेरोधाचा फ्लॉस/फंड आहे. २०२४ मध्ये तो जाहीर झाला तेव्हा वर्षाला १० लाख डॉलर आणि एका प्रकल्पाला १०,००० ते १,००,००० अशी रक्कम ठरली होती. अर्जासाठी funding.json ही फाइल प्रकल्पात ठेवावी लागते. पैसा चांगला, पण पुढच्या वर्षी तो गृहीत धरू नका.

ग्राहक परदेशी असेल तर ही सेवेची निर्यात ठरते. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा सर्वसाधारणपणे २० लाख. नोंदणी असेल तर दर आर्थिक वर्षाला नवीन एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र) भरा, नाहीतर आयजीएसटी आधी खिशातून भरून परतावा मागत बसावं लागतं. बँकेला पर्पज कोड, म्हणजे पैसे कशाचे ते सांगणारा क्रमांक, देताना सॉफ्टवेअर सल्ल्यासाठी पी०८०२ सांगा, आणि प्रत्येक रकमेची एफआयआरए (FIRA, परदेशातून पैसे आल्याची बँकेची पावती) त्याच महिन्यात मागून इन्व्हॉइससोबत ठेवा.