लोणंदच्या वाटेवरचा फोड

वारीत नीरेवर माउलींच्या पादुकांचं स्नान झालं आणि मीही पाय बुडवून घेतले. चूक तिथंच झाली. दिंडी हलली म्हणून ओल्या पायांवरच मोजे चढवले, वर बूट. लोणंदच्या वाटेला लागून तासही झाला नसेल, डाव्या टाचेला टरारून फोड आला. ओली कातडी मऊ पडते, घासली की तिचे थर सुटतात, मधल्या फटीत खालून पाणी झिरपतं. सगळं ठाऊक होतं. जीवशास्त्राचा मास्तर आहे मी.

दिवेघाट, सासवड, जेजुरीचा भंडारा, सगळं एकात एक मिसळून गेलंय. घाटातलं एवढंच आठवतं, की धाप लागली तेव्हा उत्तरपत्रिका डोळ्यांपुढे आल्या. ‘श्वसन कुठे होते?’ पोरं लिहितात, फुप्फुसात. मी अर्धाच गुण देतो. फुप्फुसात फक्त वायूंची देवाणघेवाण. खरं जळण पेशीपेशीत, तंतुकणिकांमध्ये, म्हणजे पेशीतल्या इवल्या भट्ट्यांत. त्या दिवशी एकादशी होती, पोटात दोन केळी, आणि मांड्यांतली प्रत्येक पेशी ऑक्सिजनच्या नावाने बोंबलत होती.

तर फोड. टाच टेकवेना म्हणून चवड्यावर चालू लागलो. पोटरीला गोळा आला. मागून कर्णा ओरडतोय, पुढे टँकर अडकलाय, आमचे चोपदार माझ्यावर खेकसले. मनात विठ्ठल वगैरे काही नव्हतं. बाभळीखाली बसलो आणि घरी जायच्या एसटीचा हिशोब करू लागलो.

“वल्ल्या पायात मोजं घालत्यात व्हय, माउली?”

डोक्यावर तुळस, पाय अनवाणी, वय सत्तरीच्या पुढं. माझं उत्तर यायच्या आत वृंदावन माझ्या मांडीवर दिलं आणि पाय ओढून घेतला. कनवटीच्या चंचीतून सुईदोरा काढला. काडी ओढून सुईचं टोक जाळलं. (जंतुसंसर्गावरचं माझं व्याख्यान तिथंच गिळलं.) सुई फोडाच्या एका कडेनं आत, दुसरीकडून बाहेर. पाणी ओघळलं, रक्ताचा थेंब नाही. वरच्या कातडीत रक्तवाहिन्या नसतातच. दोरा तिनं आतच ठेवला, दोन्ही टोकं बाहेर. “वढू नगा. पाणी निथळत ऱ्हाईल.”

मग पोटरी. घोट्यापासून गुडघ्याकडे, खालून वरच, दोन्ही अंगठ्यांनी. एकदाही उलटं नाही. शिरांत झडपा असतात, रक्त वरच्याच दिशेनं जाऊ देतात. पोटरी आवळली की ते वर चढतं. चालणाऱ्याला दोन हृदयं जादा, असं मी वर्गात सांगतो आणि पोरं हसतात. विचारलं, “आजी, हे कुणी शिकवलं?”

“कुनी कशाला? बैल आखडला की असंच चोळतो की.”

खिशातून पन्नासची नोट काढली. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी ती बुटात कोंबली. तुळस डोक्यावर चढवून ती निघून गेली. हात न लावता, मान इकडची तिकडे नाही.

रात्री राहुटीत शेजारचा घोरत होता. मोज्यातून दोऱ्याची टोकं टोचत होती, ती मी ओढली नाहीत.

दुसऱ्या दिवशी चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं. सगळे अश्वाकडे बघत होते. मी डोक्यांवरच्या तुळशी बघत होतो. शेकडो होत्या.