आमची वाटचाल : आधी नारळ, मग बिट

आम्ही बोअर मारणारे. खाली काय आहे, हे खडक फोडणारं बिट जमिनीत उतरेपर्यंत कुणालाच ठाऊक नसतं. शेतकरी उसनवारी करून पैसा उभा करतो आणि साडेसहा इंची भोकात सोडतो. म्हणून बोअरची गाडी पॉइंटवर लागली की आधी हळद-कुंकू, उदबत्ती आणि घरच्या लक्ष्मीच्या हातून नारळ. त्याआधी कॉम्प्रेसर चालू होत नाही. खंडेनवमीला बिटाला ठोके देणारा हॅमर, रॉड, नट आवळायचे पाने सगळे पुजले जातात. देव पाठीशी आहे या भरवशावरच हा धंदा उभा आहे, असं आम्ही मनापासून मानतो. पण नारळ फुटल्यावर आपल्या वाट्याचं काम देवावर ढकलायचं नाही, हा नेम वाटचालीत हळूहळू पक्का झाला.

पाण्याची जागा सांगणारा पाणाड्या तळहातावर नारळ उभा करतो, त्याचा मान आम्ही राखतो. सोबत शेजारच्या विहिरींना कितीवर पाणी लागलं, मुरूम किती खोल आहे, ओढा कुठून वाहतो हेही विचारतो. दोन्ही जुळलं तर उत्तमच.

वरची माती-मुरूम मोठ्या बिटाने काढून सात इंची पीव्हीसी केसिंग, म्हणजे भोकाच्या कडा धरून ठेवणारे पाइप, उतरवतो. ते पक्क्या खडकात दोन-तीन फूट रुतलंच पाहिजे. इथे दोन पाइप वाचवले की पावसाळ्यात मुरूम ढासळतो आणि पंप खालीच अडकतो. मग आतून साडेसहाचं बिट चालतं. दर वीस फुटी रॉडला वर आलेल्या भुकटीची वेगळी ढिगली घालतो. राखाडी-काळी भुकटी म्हणजे घट्ट पाषाण. पांढरे ठिपके दिसले तर मांजऱ्या खडक, तिथे आशा असते. तांबडी भुकटी म्हणजे गेरू, तो ओला झाला की ढासळतो. धूळ अचानक बसली की पाण्याची पहिली चाहूल. सगळ्यांचे हात जोडले जातात, पण ऑपरेटरने सावध व्हायचं तेव्हाच. थोडक्या ओलीने चिखलाचं कडं रॉडभोवती बसतं आणि हॅमर अडकतो. वरून पाणी आणि फोम सोडून भोक धुवायचं, मगच पुढचा रॉड.

खरी कसोटी नवव्या-दहाव्या रॉडला. भोक कोरडं, आणि मालक म्हणतो, "देव देईल, अजून एक रॉड टाका." महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे साधारण २०० फुटांपेक्षा, खोल जायला मनाई आहे. शिवाय आपल्या काळ्या पाषाणात खोल जाल तशा भेगा सहसा कमी होत जातात. पुढचा रॉड म्हणजे बहुतेक वेळा नुसता खर्च. श्रद्धेने पहिलं पाऊल टाकावं, आणि त्याच श्रद्धेने थांबताही आलं पाहिजे. "दादा, इथवरच," हे सांगणं आम्ही आमचं कर्तव्य मानतो.

कोरडं भोक कधीच उघडं सोडत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या निर्देशांप्रमाणे सोडून दिलेली बोअर तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, दगड-गोट्यांनी भरायची असते. अर्धवट भरलेलं भोक पावसात खचून पुन्हा उघडं पडतं, म्हणून थोडंथोडं टाकून, ठासून भरतो. केसिंग उपसून न्यायचा आग्रह झाला तरी आधी भराव, मग बाकीचं. मालकाच्या घरची पोरं त्याच बांधावर खेळणार असतात. भराव तोंडाशी आल्यावर, सकाळच्या नारळाच्या करवंट्या तिथेच पडलेल्या असतात, तेव्हा पुन्हा एकदा हात जोडतो आणि गाडी हलवतो.