रामगढच्या पुढे

पुण्याहून जैसलमेरपर्यंत मोटारसायकलवर हायवे, ट्रक आणि पाठदुखी. जैसलमेरजवळच्या सम गावातली तंबूतली रात्र तर विसरलेलीच बरी. वाळूच्या टेकड्यांसाठी गेलो आणि मध्यरात्रीपर्यंत डीजे ऐकला.

रामगढ जैसलमेरपासून साठेक किलोमीटर. तिथं टाकी फुल केली आणि सीमेजवळच्या तनोटच्या रस्त्याला लागलो. आधी पवनचक्क्या, विजेच्या तारा. याच तारांना धडकून गोडावण मरतात. गोडावण म्हणजे आपला माळढोक. सोलापूरजवळ नान्नजला तो दिसला नाही, इथंही नाही. मग तारा विरळ झाल्या, मोबाईलची रेंज गेली आणि उरला वारा. आडवा वारा. गाडी तासभर तिरकी धरून चालवली की सरळ रस्त्यावरसुद्धा खांदे भरून येतात.

डांबरावर वाळू चढलेली असते ती लांबून साधी सावली वाटते. जवळ गेल्यावर पुढचं चाक डुलायला लागलं. उतरलो आणि पहिल्या गियरमध्ये गाडी चालवत, ढकलत निघालो. तेवढ्यात शेळ्या सोडून एक म्हातारबाबा आले, न बोलता मागचं कॅरिअर धरलं आणि जोर लावला. पलीकडे पोहोचल्यावर हातानंच ‘चला’ म्हणाले.

खेजडीच्या, म्हणजे शमीच्या झाडापलीकडे त्यांची बेरी होती. विहीर म्हणावी तर तोंड जेमतेम माणूस उतरेल एवढं, वर लाकडी झाकण. ट्रकच्या ट्यूबची कापून शिवलेली बादली त्यांनी खाली सोडली. दोर हातातून सरकतच राहिला. वर आली तेव्हा निम्मीच भरलेली. पण पाणी गोड! खाली खडूसारखा जिप्समचा थर असतो, त्याच्यामुळं वाळूत मुरलेली पावसाची ओल खालच्या खाऱ्या पाण्याला मिळत नाही, थेंबथेंब बेरीत उतरते. दिवसाला दोन-तीन घागरी जमल्या तरी पुष्कळ. हे त्यांनी हिंदी-मारवाडीत, बोटानं वाळूत रेघा ओढून समजावलं. मी ओंजळ धरली, ते वरून ओतत होते. थेंब सांडला की माझंच मन खाई. ‘और पीओ’ म्हणाले. कसं पिणार?

‘एकटेच?’ या प्रश्नाचा मला वीट आला होता. पंपावर, चहावाल्याकडे, चेकपोस्टवर, सगळीकडे तोच. त्यामागोमाग गाडीची किंमत आणि लग्न. बाबांनी यातलं काही विचारलं नाही. ‘तुमच्याकडं पाऊस झाला?’ एवढंच. झाला म्हटलं, खूप झाला. त्यांचा चेहरा खुलला, जणू त्यांच्याच रानात पडला होता. पुण्यात चार महिने आम्ही त्याच पावसाला शिव्या घातल्या, हे काही माझ्यानं सांगवेना.

पैसे काढले तर ते रागावले. माझ्याजवळची चिक्की मात्र शेळ्यांकडे जाताजाता तोंडात टाकली.

तनोट मातेच्या देवळात १९६५च्या युद्धातले न फुटलेले गोळे बघितले. देऊळ बीएसएफचे जवान सांभाळतात, तेही नीटनेटकं. लोंगेवालाला १९७१चे रणगाडे आहेत आणि त्यांच्यावर रेलून फोटो काढणारी गर्दी. कुणाच्या मरणाच्या जागी एवढं हसू कसं येतं कोण जाणे. वाळूच्या रस्त्यावर सकाळी लवकर निघावं, वारा कमी असतो, असं सगळे सांगतात. मी उजाडताच निघालो होतो. वारा माझ्याआधी उठलेला होता.