तुम्ही विचारलंत म्हणून: मी मिशन का करत नाही

एकदाच सांगते, आणि यापुढे कोणी विचारलं की हेच वाचायला देणार आहे. प्रश्न नेहमी दोन हप्त्यांत येतो. आधी, 'जीटीए: सॅन अँड्रियास'मध्ये तुला एवढं आवडतं तरी काय, २००४ सालचा गेम, अजून किती वर्षं तोच. मग माझ्या खुर्चीमागे पाच मिनिटं उभं राहिलं की दुसरा, अगं पण तू मिशन, म्हणजे गोष्ट पुढे नेणारी कामं, का करत नाहीयेस? ऑफिसातल्या पोरांनी विचारलं, वहिनीने विचारलं, नवऱ्याने तर लग्नाआधीच विचारलेलं. सासूबाईंनी वेगळ्या शब्दांत विचारलं, की हा काळा मुलगा नुसता सायकलवरून फिरतोय, याला काही कामधंदा नाही का.

नाही. तेच तर आवडतं.

लोकांना उत्तर म्हणून रणगाडा ऐकायचा असतो, जेटपॅक ऐकायचा असतो, हेसोयाम हा चीट कोड टाइप केला की लाइफ फुल्ल आणि वर अडीच लाख डॉलर हे ऐकायचं असतं. ते सगळं केलंय, पण त्याला आवड म्हणत नाही मी. मला आवडतं ते म्हणजे बीएमएक्स काढायची, आपल्या गल्लीतून, ग्रोव्ह स्ट्रीटवरून निघायचं आणि थेट सांता मारियाच्या बीचपर्यंत जायचं, वाटेत उड्या मारत, कारण सायकल जितकी चालवाल तितकं स्किल वाढतं आणि उडी उंच जाते, इतकी की पुढे पुढे कंपाउंडच्या भिंतीवर सायकलसकट चढता येतं. रस्त्यातली माणसं सीजेच्या, म्हणजे गेममधल्या आपल्या हिरोच्या, कपड्यांवर, केसांवर काहीतरी बोलतात आणि त्यांना उत्तर देता येतं, वाय दाबलं तर नीट, एन दाबलं तर भांडण. डाउनटाउनच्या सगळ्यात उंच टॉवरच्या गच्चीवर पॅराशूट ठेवलेलं असतं. भिंतींवर इतर गँगनी रंगवलेली शंभर चित्रं आहेत, त्यांवर आपला स्प्रे मारायचा, आणि शंभर झाली की घरात बंदुका येऊन पडतात, पण मला बंदुकांपेक्षा ती चित्रं शोधत गल्लीबोळांत घुसणं जास्त प्यारं. आणि गाडीतला रेडिओ. के-डीएसटीवर बडबड करणारा तो खडूस डीजे म्हणजे खुद्द गन्स एन' रोझेसचा गायक ॲक्सल रोझ, हे मला फार उशिरा कळलं आणि त्या दिवशी कोणाला सांगू असं झालं, घरात कोणालाच घेणंदेणं नव्हतं.

पण या सगळ्याच्या खाली जे आहे ते कोणाला नीट सांगता येत नाही, आज प्रयत्न करते. या गेममध्ये दिवस जातो, गोष्ट जात नाही. आपला एक सेकंद म्हणजे तिथलं एक मिनिट, म्हणजे चोवीस मिनिटांत अख्खा दिवस. संध्याकाळ होते, ते धुरकट नारिंगी ऊन पडतं, रात्री गल्लीत पोरं उभी असतात, सकाळ होते. सीजेला भूक लागते. खायला घातलं नाही तर वाळतो, आधी चरबी जाते मग कमावलेले मसल्स, आणि कोंबून कोंबून चिकन खाऊ घातलं तर दुकानातच ओकतो. म्हणजे अंगावर काळ दिसतो. पण मॅपवर ते एस अक्षर आहे ना, सीजेच्या भावाच्या, स्वीटच्या घराचं, त्या लाल गोलात आपण जाऊन उभं राहत नाही तोपर्यंत कथेतलं कोणी एक पाऊल पुढे टाकत नाही. स्मोक मित्रच राहतो. रायडर मित्रच राहतो. आईचं घर आपलंच राहतं. कितीही दिवस. अख्ख्या राज्याला तुमच्यासाठी थांबायला लावणारं दुसरं काय आहे सांगा मला, माझा तर भाजीवालाही थांबत नाही.

आता हे माझ्यात कुठून आलं. दादामुळे. आमच्याकडे एकच कॉम्प्युटर, दादाच्या इंजिनिअरिंगसाठी घेतलेला, आणि मला खेळायची परवानगी होती ती तीन अटींवर: मिशन सुरू करायचं नाही, सेव्ह करायचं नाही, आणि पोलीस मागे लागल्याचे स्टार लागले की लगेच त्याला हाक मारायची. म्हणजे फक्त फिरायचं. त्यातही लॉस सँटोस या पहिल्या शहराच्या बाहेर नाही, कारण सुरुवातीला बाकीचं राज्य बंद असतं आणि हद्द ओलांडली की डायरेक्ट चार स्टार. तेव्हा मला ही अट अन्यायाची वाटायची. मग वाटायचं बंद झालं. आता परत वाटते, हे लिहिताना.

दादाने त्या वेळी मोहल्ले जिंकायचा सपाटा लावला होता, मॅपवर सगळीकडे आपल्या गँगचं हिरवं हिरवं. कथा 'द ग्रीन सेबर' या मिशनपाशी येऊन थांबलेली, तो मुद्दाम करत नव्हता कारण कॉलेजातल्या कोणीतरी सांगितलेलं की त्याच्या आधी सगळं जिंकून घे. एका दुपारी तो क्लासला, आई झोपलेली, आणि मी गेले त्या लाल गोलात. का गेले विचारू नका, सायकल तिथेच उभी होती.

ज्यांनी खेळलंय त्यांना पुढचं माहितीये. सगळे निघालेत फायनल मारामारीला, आणि मध्येच सीझरचा, सीजेच्या बहिणीच्या बॉयफ्रेंडचा, फोन येतो, की आधी इकडे ये, तुला काहीतरी बघायचंय. गेले. गाडीत बसल्या बसल्या समोर एक गॅरेज दिसतं. आतून शत्रू गँगचे बॅलासवाले येतात, पोलीस येतात, रायडर येतो, आणि स्मोक. आणि गॅरेजमध्ये हिरवी सेबर, जिच्यातून सीजेच्या आईवर गोळ्या झाडलेल्या, ज्या गाडीपायी हा पोरगा लिबर्टी सिटीतून परत आला ती. मी आवाज बंद ठेवून खेळत होते, आई उठू नये म्हणून, त्यामुळे सगळं नुसतं सबटायटलांत, आणि माझं इंग्लिश तेव्हा यथातथाच. पण कळायला भाषा लागली नाही. स्मोकने आयडलवूडला घर घेतलेलं, बॅलासच्या एरियात, नातेवाइकाकडून पैसे आले म्हणाला होता, ते त्या क्षणी डोक्यात खट्कन बसलं. मी त्या घरासमोरून किती वेळा सायकलने गेले असेन.

मग पुलाखालची मारामारी, स्वीट जमिनीवर, मी हेसोयाम मारत मारत कशीबशी निभावली. पोलीस आले, सीजेच्या डोक्यावर पिशवी, टेनपेनी हा भ्रष्ट पोलीस गाडीतून नेतोय, आणि शेवटी एका डोंगराळ खेड्यात टाकून देतात, अँजल पाइन. सगळं शहर गेलं. झाडं, धुकं, एक ट्रेलर, आणि ट्रेलरपाशी सेव्हची खूण गरगर फिरतेय.

आणि तिथे मी थांबले. कारण सेव्हची यादी उघडली की प्रत्येक सेव्हला शेवटच्या मिशनचं नाव असतं. आठ स्लॉट, कुठल्याही स्लॉटमध्ये ठेवलं तरी दादाला ठळक दिसणार, द ग्रीन सेबर. न करावं तर मी केलेलं सगळं हवेत. अख्ख्या घरात पहिल्यांदा कोणीतरी लॉस सँटोसच्या बाहेर पडलं होतं आणि ते मी होते. मी ट्रेलरभोवती चकरा मारत बसले, करू, नको, करू, नको. तेवढ्यात लाईट गेली. तीन वाजताचं लोडशेडिंग, रोजचं, मला पाठ होतं, पण त्या दिवशी घड्याळाकडे कोण बघतंय. यूपीएसची बॅटरी मेलेली, टूंऽ करून बंद.

म्हणजे झालं असं की ते झालंच नाही.

परीक्षा झाल्यावर दादाने ते मिशन केलं, दोन मित्र बाजूला आणि मी मागे पलंगावर. त्याच्या आधीचे कितीतरी दिवस तो स्मोकला "आपला माणूस" म्हणत होता आणि मी गप्प. आता गॅरेज आलं. खोलीत एकदम शांतता. एक मित्र शिवी देऊन गेला. दादा वळून म्हणाला, तुला काही कळलं का काय झालं ते? आणि मी म्हणाले, नाही. मग त्याने गेम पॉज केला आणि मला सगळं समजावून सांगितलं, अगदी प्रेमाने, ही गाडी कोणती, आईला कोणी मारलं, स्मोक कसा फुटला, आणि मी "हो का?" "अय्या!" करत ऐकलं. मला त्या "अय्या"ची आजही चीड येते. दादाची नाही येत. म्हणजे येते थोडी.

तर मी मिशन का करत नाही, त्याचं हे कारण आहे का? नवरा म्हणतो हेच आहे, तू ती दुपार धरून बसलीयेस. मी म्हणते मला धुकं आवडतं, सायकल आवडते, बस. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं की नाही मला माहीत नाही, आणि ठरवायची घाईही नाही.

एक मात्र मान्य करते. पूर्वी मी सगळ्यांना छातीठोक सांगायचे की मी हिंसा करतच नाही, मी नुसती फिरते. माझं तेव्हाचं वाक्य असं असायचं की माझ्यासाठी हा क्राइम गेम नाहीच. कैच्या कै. सहा स्टार लावून घेऊन, रणगाड्यातून विनवुडच्या टेकडीवर चढले नाहीये का मी? आणि खरं सांगू, फिरण्यातली मजाही त्या भीतीमुळेच आहे, की एक धक्का लागला, एक पोलीस वळला, की संपलं. नुसत्या शांत शहरातून सायकल चालवायचा गेम कोणी दिला तर मी दहा मिनिटांत बंद करीन. शिवाय ते शहर म्हणजे नुसतं खेळणं नाही. गेम १९९२ मध्ये घडतो, आणि शेवटी टेनपेनी कोर्टातून सुटतो तेव्हा शहर पेटतं. रॉडनी किंग या काळ्या माणसाला बेदम मारहाण करणारे पोलीस त्याच वर्षी २९ एप्रिलला सुटले आणि खरं लॉस एंजेलिस असंच पेटलं, साठहून जास्त माणसं गेली. हे मी नंतर वाचलं. तेव्हापासून शेवटची मिशन्स "मजा" म्हणून बघता येत नाहीत, आणि सुरुवातीचं ऊनसुद्धा थोडं वेगळं दिसतं. पण म्हणून बंद केलं का? नाही केलं.

आणि हो, गेम पूर्ण केलाय मी, कारण हा टोमणा पण येतोच. लग्नानंतर, लॅपटॉपवर. लॅपटॉपला नमपॅड, म्हणजे उजवीकडची आकड्यांची बटणं, नव्हता आणि वाळवंटातल्या त्या फ्लाइंग स्कूलमध्ये नमपॅडशिवाय विमान वळवणं म्हणजे छळ, त्यासाठी वेगळा कीबोर्ड विकत आणला, नवऱ्याला सांगितलं ऑफिसच्या कामासाठी. शेवटी स्मोकला मारला. एवढी वर्षं मनात धरलेला माणूस, आणि मेल्यावर काहीच वाटलं नाही, उलट बोलता बोलता मेला तेव्हा वाईटच वाटलं. रात्री दादाला मेसेज टाकला, "मारला एकदाचा स्मोकला." सकाळी त्याचा रिप्लाय, "कोण स्मोक?"

आता उरला तो नवीन व्हर्जनचा सल्ला. २०२१ ला जुने जीटीए गेम चकाचक करून आणलेला संच निघाला तेव्हा सगळ्यांनी सांगितलं तो घे, ग्राफिक्स बघ. बघितलं. सुरुवातीला त्यांनी धुकंच काढून टाकलेलं. जुन्या गेममध्ये मशीनची ताकद कमी म्हणून धुकं होतं, पण त्या धुक्यामुळे ते राज्य अफाट वाटायचं. तेव्हा नव्यात चिलियाड डोंगरावर उभं राहिलं की तिन्ही शहरं एका नजरेत, इकडे लॉस सँटोस, तिकडे सॅन फिएरो, पलीकडे लास व्हेंचुरास, म्हणजे एवढंसंच होतं होय हे? तोवर जुन्याच्या स्टीम या ऑनलाइन दुकानावरच्या कॉपीतली काही गाणीही लायसन्स संपलं म्हणून २०१४ मध्ये उडवली होती. त्यामुळे मी माझी जुनीच कॉपी चालवते, आणि हो, सेव्ह अजूनही ग्रीन सेबरच्या आधीचाच आहे. मागे उभं राहायचं तर राहा, चहा हवा तर सांगा, पण स्क्रीनवर बोट ठेवून "अगं तो एस बघ, तिथे जायचंय" असं मला सांगू नका. एस कुठंय ते मला माहितीये.