तालुक्याला हरलेला संघ बहुतेकदा जूनमध्येच हरलेला असतो

शाळा जूनच्या मध्यावर उघडते. खो-खो, कबड्डीच्या शालेय तालुकास्तर स्पर्धा ऑगस्ट-सप्टेंबरात लागतात. मधल्या काळात पाऊस, घटक चाचणी, कानबाई (खानदेशातला श्रावणातला सण), पोळा, गणपती. धरूनसोडून मैदानावर पस्तीस-चाळीस दिवस मिळाले तर नशीब. त्यात सामने बाद पद्धतीचे, म्हणजे पहिल्याच सामन्यात अर्धा तास वाईट गेला की वर्ष संपलं. पुढे जिल्हा, मग नाशिक विभाग, मग राज्य. ही शिडी सगळ्यांना पाठ असते, पण तयारी करताना बहुतेक शाळा तिच्या पहिल्या पायरीलाच हलक्यात घेतात.

सुरुवात कागदापासून करा. गट तीन: 14, 17 आणि 19 वर्षांखालील. वय त्या वर्षाच्या 31 डिसेंबरला मोजतात. चौदाच्या गटातल्या मुलाला त्या दिवशी चौदा पूर्ण झालेली नकोत. जनरल रजिस्टर (शाळेची प्रवेश नोंदवही) आणि आधार यांवरच्या जन्मतारखा जुळतात का, ते जूनच्या शेवटच्या आठवड्यातच बघा. आपल्याकडे रजिस्टरात 1 जून जन्मतारीख असलेली पोरं किती निघतात ते सांगायला नको. आधारवर दुसरीच तारीख असली की ऐन स्पर्धेच्या टेबलावर वाद होतो आणि चांगला गडी बाहेर बसतो. ओळखपत्रावरचा शिक्का अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर हवा. मुख्याध्यापकांची सही असलेल्या दोन जादा प्रती पिशवीत ठेवा, पावसात एक भिजतेच.

आता मैदान. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या बऱ्याच शाळांची मैदानं काळ्या मातीवर आहेत. ही माती पाण्यानं फुगते आणि उन्हानं भेगाळते. जुलैत पाय रुततो, दोन आठवडे पावसानं ताण दिला की त्याच जागी घोटा अडकेल एवढी भेग पडते. नुसता वर मुरूम टाकून भागत नाही, तो पहिल्याच पावसात खाली बसतो आणि काळी माती वर येते. वरची साधारण सहा इंच माती काढायची, तेवढाच मुरूम भरायचा, आणि दोन थरांत दाबायचा. आदल्या संध्याकाळी पाणी मारून सकाळी रोलर फिरवा, लगेच फिरवला तर मुरूम रोलरलाच चिकटतो. वर चाळलेल्या मऊ मातीचा पातळ थर द्या. खडी राहिली तर सूर मारणाऱ्याची कोपरं सोलतात, मग पोरगं सूर मारायचंच सोडतं.

उतार विसरू नका. खो-खोचं मोठं मैदान 27 बाय 16 मीटर. मधली पाटी (गडी बसतात तो लांब पट्टा) कडेपेक्षा सात-आठ सेंटीमीटर उंच ठेवली की पाणी दोन्ही बाजूंनी निघून जातं. एवढा उतार धावताना जाणवत नाही. आखताना काटकोन दोरीनंच काढा: तीन, चार आणि पाच मीटरचा त्रिकोण. मग दोन्ही कर्ण मोजा. 27 बाय 16 चा कर्ण 31.38 मीटर यायला हवा, कबड्डीच्या 13 बाय 10 ला 16.40 आणि मुलींच्या 12 बाय 8 ला 14.42. दोन कर्णांत वीतभर फरक असेल तर सगळ्या पाट्या तिरक्या जातात. आखायला फक्की (रेषा आखायची पांढरी पूड) वापरा. कळीचा चुना ओल्या मैदानावर टाकला तर कातडी भाजते, डोळ्यात गेला तर दवाखाना. स्वस्त पडतो म्हणून तो अजूनही वापरला जातो, हे काही बरोबर नाही.

खो-खोचा खांब जमिनीवर 120 सेंटीमीटर, आणि जमिनीत किमान दोन फूट. पावसाळ्यात तो सैल होतो. रोज सरावाआधी हात लावून बघा. डुगडुगणाऱ्या खांबावर वळण घेणारा गडी अर्धा ढांग उशिरा पडतो, आणि खांबावरचे गडी त्या अर्ध्या ढांगेतच सुटतात.

खो-खोत शालेय संघ सर्वांत जास्त मार खातात ते फाऊलवर, वेगावर नाही. पाठीला हात आणि तोंडातून ‘खो’ एकाच वेळी यायला हवेत. पोरं आधी ओरडतात, मग हात लावतात. बसलेला गडीही ‘खो’च्या अंदाजानं आधीच उठतो. फाऊल झाला की आक्रमकाला उलट दिशेला जावं लागतं आणि समोरचा संरक्षक फुकटात पाच-सहा सेकंद कमावतो. एका पाळीत असे दहा फाऊल म्हणजे जवळपास मिनिट गेलं. यावर उपाय कंटाळवाणा आहे: रोज दहा मिनिटं संरक्षकाशिवाय नुसते खो. आठ जण बसवा, एक पळवा, चाल आधी चालण्याच्या वेगानं, मग धावत. खांद्याची दिशा एकदा वळली की परत फिरता येत नाही, हे डोक्याला नाही, पायाला कळावं लागतं.

संरक्षणात तीन-तीनच्या तुकड्या करताना तिन्ही चांगले गडी शेवटच्या तुकडीत राखायचा मोह होतो. पाळी नऊ मिनिटांची असेल तर चालूनही जातं. पण संघ जास्त आले की तालुक्याला वेळ कमी करतात, तेव्हा पहिली तुकडीच सामना ठरवते. म्हणून वेळ किती, हे नाणेफेकीआधी पंचांना विचारा आणि तुकड्या त्यानंतर लावा.

कबड्डीत गोष्ट वेगळी. इथं अंगात जोर असलेली पोरं भरपूर, पण पकड एकट्यानं करायची खोड. डावा कोपरा घोटा धरतो आणि कव्हर (कोपऱ्याच्या आतल्या बाजूचा बचावपटू) बघत उभा राहतो. साखळीतल्या (हात धरून बचाव करणाऱ्या) दोघांनी रोज जोडीनंच सराव करावा, जोडी बदलू नये. बोनस रेषेची (ती ओलांडली की चढाईपटूला एक जादा गुण) सवय मात्र फक्कीनं आखलेल्या मैदानावरच लागते, काठीनं ओढलेल्या रेघेवर नाही. बोनस बचावात सहा किंवा जास्त गडी असतानाच मिळतो. पाच उरल्यावरही तिकडे पाय टाकून पकडला जाणारा चढाईपटू दर वर्षी दिसतो. वजनगटासाठी सकाळपासून उपाशी ठेवू नका. शाळेचा काटा आणि स्पर्धेचा काटा यांत अर्धा किलोचा फरक पडू शकतो, म्हणून एक किलो आत असलेलाच गडी न्या. नखं आदल्या दिवशीच कापून घ्या.

ॲथलेटिक्सबद्दल एवढंच: सातपुड्यातल्या आश्रमशाळांची पोरं पायानं तयार असतात, त्यांना स्टार्ट आणि लेनची शिस्त शिकवा. मोठ्या अंतराला शेवटच्या फेरीआधी घंटा वाजते, हेही सांगून ठेवा.

सामन्याच्या दिवशी शेवभाजी नको. तर्री पोटात असताना दम धरता येत नाही. दोन-अडीच तास आधी कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी किंवा पोळी, नंतर एखादं केळं, त्याला रावेर-यावलकडे तरी तोटा नाही. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे पाणी घोट-घोट. घोटा मुरगळला तर बर्फ आणि क्रेप बँडेज. पहिल्या दिवशी चोळायचं नाही, कितीही अनुभवी काका पुढे आले तरी.

तारखांचं एक वेगळंच दुखणं आहे. कानबाई श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते, सोमवारी विसर्जन. त्या दोन दिवशी अर्धा संघ गावी रोट (कानबाईचा प्रसाद) खायला गेलेला असतो. सोमवारी सराव ठेवूच नका, मंगळवारी हलका घ्या. विभागीय स्पर्धा दिवाळीच्या आसपास आली तर दुसरी अडचण: कापूस वेचणी. सुट्टीत पोरगं शेतात लागतं, त्यावर घरच्यांशी वाद घालून उपयोग नाही. सकाळी साडेसहा ते आठ सराव घ्या, वेचणीला जायला वेळ उरतो. पालकही मग मुलीला पाठवायला कुरकुर करत नाहीत, फक्त सोबत मॅडम हव्यात.

आणि तालुक्यालाच हरलात, तर दुसऱ्या दिवशी हजेरीच्या वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने आखा. एकात पुढच्या वर्षी याच गटात राहणारे, दुसऱ्यात वर जाणारे. पहिल्या रकान्यात पाचपेक्षा कमी नावं आली, तर सहावी-सातवीच्या वर्गांत त्याच आठवड्यात फेरी मारा.