आधी शॉक, मग बार: घाटासाठी ऑक्टाव्हिया आरएस कशी तयार केली

साताऱ्यात राहणाऱ्याला वळणं शोधायला लांब जावं लागत नाही. समर्थ मंदिराकडून वर निघालं की यवतेश्वरचा घाट लागतो आणि पुढे कास. वाईच्या अंगाला पसरणी आहे, कराडहून चिपळूणकडे उतरायचं तर कुंभार्ली. त्यामुळे इथे गाडीची पारख हायवेवरच्या वेगापेक्षा वळणावर जास्त होते. निदान माझी तरी तशीच होते.

माझ्याकडे २०१७ ची, सेकंडहँड घेतलेली स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आहे. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, २३० पीएस, ३५० न्यूटन-मीटर, सहा गिअरचा डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). चार दारं आणि मोठी डिकी असली तरी जात स्पोर्ट्सचीच. ही सगळी ताकद पुढच्या दोन चाकांवर येते. त्याच चाकांनी गाडी ओढायची आणि त्यांनीच वळवायची. चढाच्या आवळ वळणावर हे जाणवायचं. स्टिअरिंग वळवलेलं असायचं, पण नाक बाहेरच्या कठड्याकडे सरकत राहायचं आणि ॲक्सिलरेटर दाबला की आणखी सरकायचं. याला अंडरस्टिअर म्हणतात. त्यावर पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांचा ठरलेला उपाय म्हणजे मागचा स्वे बार, डाव्या-उजव्या चाकाला जोडणारा पोलादी दांडा, जाड करणं. तेवढं ठरवून मी एमआयडीसीतल्या मिस्त्रींकडे गेलो.

त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बार बसवू की. पण आधी गाडी वर घेऊन बघू."

गाडी रॅम्पवर चढली. मागच्या उजव्या शॉकवर (हेलकावे जिरवणाऱ्या शॉक ॲब्सॉर्बरवर) तेल सुटून त्यावर धुळीचा काळा थर बसला होता. मिस्त्रींनी बोट फिरवून मला दाखवलं. पुढच्या लोअर आर्मच्या (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या) मागच्या बुशला, म्हणजे सांध्यातल्या रबराला, बारीक चीर होती. पहार लावून हलवल्यावर ती उघडताना दिसली. पुढच्या टायरांची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा जास्त झिजली होती. "साहेब, हे आधी. नाहीतर बार बसवून तुम्हाला कळणार काय?"

या एका प्रश्नामुळे सगळ्या कामाचा क्रम ठरला, आणि तो क्रम मला आजही सर्वांत मोलाचा वाटतो. वळणावर गाडी किती कलणार हे स्प्रिंग आणि बार ठरवतात. ती किती झटकन कलणार आणि किती लवकर सावरणार हे शॉकचं काम. शॉक मेलेले असताना कडक बार लावला तर खडबडीत वळणावर चाक उड्या मारतं आणि दोष बाराला लागतो. शिवाय सगळं एकदम बदललं तर कशामुळे काय झालं ते कधीच कळत नाही. म्हणून पहिल्या टप्प्यात फक्त चार शॉक, लोअर आर्मचे बुश आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) एवढंच करायचं ठरलं.

शॉक निवडताना उंचीचा प्रश्न आला. कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारे स्प्रिंग-शॉक) लावून गाडी खाली बसवायचा मोह कुणालाही होतो, कारण गाडी खाली आली की तिचा गुरुत्वमध्यही खाली येतो आणि ते वळणाला चांगलंच. पण आपल्या रस्त्यांवर गतिरोधक आहेत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापात गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असतो. गावागावांत लोकांनी डांबराचे जे उंचवटे घातलेत त्यांना असलं काही माप नाही. खाली बसवलेली गाडी तिथे रोज पोट घासणार. म्हणून कंपनीचे स्प्रिंग ठेवून बिलस्टीनचे बी६ शॉक घ्यायचे ठरवले. बी६ मूळ उंचीच्या स्प्रिंगसाठी असतात आणि बी८ लांबीला कमी, खाली बसवणाऱ्या स्प्रिंगसाठी. हा फरक न बघता ऑर्डर देऊ नका. आणखी एक गोष्ट मोजून घ्या: या प्लॅटफॉर्मच्या (मूळ सांगाड्याच्या) गाड्यांना पुढचा स्ट्रट (ज्यावर स्प्रिंग बसवलेलं असतं तो शॉक) ५० किंवा ५५ मिलिमीटर व्यासाचा येतो. मिस्त्रींनी व्हर्नियर लावून माप काढलं, मगच पैसे भरले.

बसवण्याचं काम वाचताना सोपं वाटतं, पण दोन ठिकाणी जपावं लागतं. पहिलं म्हणजे स्प्रिंग. पुढचा स्ट्रट सोडवताना कॉम्प्रेसरने दाबून धरलेल्या स्प्रिंगमध्ये माणसाला जायबंदी करण्याइतकी ताकद असते. मिस्त्रींनी त्या वेळी समोर कुणालाही उभं राहू दिलं नाही, मलाही बाजूला व्हायला सांगितलं. तेवढ्यात टॉप माउंटचे (स्ट्रटच्या वरच्या टोकाच्या बैठकीचे) बेअरिंगही नवे टाकले. त्यासाठी हेच काम पुन्हा कोण करणार? दुसरं म्हणजे रबरी बुशचे बोल्ट. चाकं लोंबकळत असताना ते पूर्ण आवळले तर गाडी जमिनीवर आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. म्हणून आधी नुसते टेकवायचे, चाकांखाली आधार देऊन सस्पेन्शन रोजच्या उंचीला आणायचं आणि मग टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, मोजणाऱ्या पान्याने) आवळायचे. फोक्सवॅगन घराण्याच्या गाड्यांत कितीतरी बोल्ट ठरलेल्या टॉर्कला आवळून वर ठरलेल्या कोनात फिरवायचे असतात. ते ताणले जातात, म्हणून एकदा काढले की नवेच लावायचे.

मग बार न लावता मी काही आठवडे गाडी चालवली. ब्रेक मारल्यावर नाक खाली जायचं ते कमी झालं. खंबाटकीच्या उतारावर पूर्वी खड्ड्यानंतर दोन हेलकावे यायचे, आता गाडी एकातच बसायची. स्टिअरिंगही घट्ट, खरं वाटू लागलं. पण चढाच्या वळणावर नाकाचं बाहेर सरकणं उरलंच होतं. म्हणजे तेवढा भाग झिजेचा नव्हता, कंपनीने सुरक्षित म्हणून ठेवलेल्या स्वभावाचा होता. बाराचं काम इथे सुरू होतं.

बार नेमकं काय करतो, याबद्दल बरेच गैरसमज आहेत. बैलजोडीच्या मानेवरचं जू जसं दोघांना बांधून ठेवतं, तसा हा पोलादी दांडा डाव्या-उजव्या चाकाला बांधतो. एक चाक वर गेलं की दांडा पिळला जातो आणि दुसऱ्यालाही वर ओढतो. त्यामुळे गाडी कमी कलते. पण बाहेरच्या चाकांवर जाणारं एकूण वजन त्याने जवळपास बदलत नाही. ते गाडीचं वजन, गुरुत्वमध्याची उंची, चाकांतलं अंतर आणि वळणाचा जोर यांवर ठरतं. १४०० किलोची गाडी, गुरुत्वमध्य ५५ सेंटीमीटरवर, चाकांत १.५३ मीटर अंतर आणि गुरुत्वाच्या ०.७ पट जोर धरला, तर साडेतीनशे किलोच्या आसपास वजन आतून बाहेर सरकतं. बार कोणताही लावा, हा आकडा तोच. त्यातलं पुढच्या जोडीवर किती आणि मागच्या जोडीवर किती, एवढंच बार ठरवतो. टायरवर दुप्पट वजन टाकलं म्हणून पकड दुप्पट होत नाही, त्यामुळे ज्या जोडीवर वजनाची तफावत जास्त, तिची पकड कमी पडते. मागचा बार कडक केला की तफावतीचा मोठा वाटा मागे जातो आणि पुढची जोडी मोकळी होते. नाक वळतं ते यामुळे.

जाडीचं गणित तर फार तीव्र आहे. भरीव बाराचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. २० मिलिमीटरचा बार २४ चा केला तर जाडी वीस टक्केच वाढते, पण कडकपणा दुपटीच्या वर जातो. म्हणून हाताला लागेल तो सर्वांत जाड बार घेणं धोक्याचं. मी टोकाला दोन भोकं असलेला बार घेतला. लिंक रॉड (बाराचं टोक चाकाकडच्या भागाशी जोडणारी सळी) बाहेरच्या भोकात लावली की तरफ लांब होते आणि बार मऊ लागतो. आतल्या भोकात लावली की कडक.

बसवण्यासाठी मागची सबफ्रेम (मागचं सस्पेन्शन ज्यावर बसतं ती चौकट) जॅकचा आधार देऊन थोडी खाली घ्यावी लागली. सोडवण्याआधी मिस्त्रींनी तिच्या कडेने रंगाच्या खुणा केल्या, म्हणजे परत चढवताना ती जागची हलणार नाही. ब्रेकचे पाइप आणि एबीएसच्या वायरी ताणल्या जात नाहीत ना, हे मी टॉर्च धरून बघत होतो. नवे बुश पॉलियुरेथेनचे होते. त्यांना आतून सिलिकॉन ग्रीस लागतं, नाहीतर प्रत्येक गतिरोधकावर करकर ऐकावी लागते. लिंक रॉड मात्र शेवटी, दोन्ही चाकांवर सारखा भार असतानाच जोडल्या, कारण बार उभ्या गाडीत पिळलेला राहिला तर डावं-उजवं वळण वेगवेगळं लागतं. मग पुन्हा अलाइनमेंट. या गाडीला मागे मल्टिलिंक (प्रत्येक चाकाला अनेक दांड्यांनी धरणारी रचना) असल्याने मागच्या चाकांचेही टो (आत-बाहेर वळलेला कोन) आणि कॅम्बर (उभा कल) लावता येतात.

चाचणी मी घाटात केली नाही. तिथे दूधवाले असतात, शाळेची मुलं असतात, एसटी असते. गळीत हंगाम संपला की साखर कारखान्यांच्या आवारात उसाच्या गाड्या थांबतात ती पटांगणं मोकळी पडतात. अशाच एका पटांगणाची रीतसर परवानगी काढली. मध्ये खुंटी ठोकून, दोरी धरून, १५ मीटर त्रिज्येचं वर्तुळ फक्कीने आखलं. या वर्तुळाची फेरी ९ सेकंदांत झाली तर वेग ताशी ३८ किलोमीटरच्या आसपास असतो आणि बाजूचा जोर गुरुत्वाच्या पाऊणपट. कमी वेगात बरंच काही कळतं, ते असं. स्टिअरिंगवर सगळ्यात वर, घड्याळात बारा वाजतात त्या जागी, पांढरी टेप लावली. बार बसवण्याआधी इथेच, हळू फिरताना टेप घड्याळातल्या पाचच्या आसपास राहायची आणि वेग वाढवत नेला की सहा ओलांडून पुढे जायची. तेवढं स्टिअरिंग जास्तीचं द्यावं लागायचं. नवा बार बाहेरच्या भोकात लावून त्याच वेगाला टेप सहाच्या अलीकडे थांबली. आतल्या भोकात ती आणखी मागे राहिली, पण पाय अचानक उचलला की शेपूट हलकं होऊन बाहेर यायला बघत होतं.

म्हणून घाटासाठी बाहेरचंच भोक. यवतेश्वर चढताना आता नाक जिथे बघावं तिथे जातं, आणि वळणाच्या मध्यावरून ॲक्सिलरेटर लवकर देता येतो. आवळ वळणात मागचं आतलं चाक कधी जमिनीवरून किंचित उचलतं; अशा गाड्यांत ते चालतं. याची किंमतही आहे. रस्त्याच्या एकाच बाजूला खड्डा आला की आधीपेक्षा जास्त डोलायला होतं, कारण दोन्ही चाकं आता घट्ट बांधलेली आहेत. आईला मागच्या सीटवर ते लगेच जाणवलं.

कागदांचंही सांगतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलांशी विसंगत ठरणारे बदल करता येत नाहीत. मी उंची, चाकांचं माप, इंजिन यांतलं काही बदललेलं नाही. तरीही विमा कंपनीला बदलांची यादी बिलांसह लिहून दिली आणि पोच घेतली. काढलेला मूळ बार तेल लावून घरी ठेवलाय.

काही शे किलोमीटर झाल्यावर गाडी परत रॅम्पवर घेऊन बार, लिंक रॉड आणि सबफ्रेमचे बोल्ट तपासून घेतले. पावसाळ्यात, कासच्या धुक्यात आणि ओल्या डांबरावर आतल्या भोकाचा विचारही करत नाही. त्या दिवसांत टायरची हवा मात्र दर आठवड्याला, गाडी थंड असताना, स्वतःच्या गेजने बघतो.